ठेवीदार हा धनको: बचत खात्याचा अर्थ आणि व्यवहार

बचत खाते म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेले कर्ज. खातेदार मागेल तेव्हा ते फेडायचे आणि तोवर त्यावर थोडे व्याज द्यायचे, एवढाच त्यातला मूळ करार असतो. मराठीत या पैशाला ‘ठेव’ म्हणतात, आणि त्या शब्दाने एक गैरसमज रुजवला आहे. ठेव म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या घरी ठेवलेली वस्तू. शेजारणीकडे ठेवलेल्या पाटल्या त्याच पाटल्या म्हणून परत मिळतात. मधल्या काळात त्या तिने मोडायच्या नसतात. बँकेत भरलेल्या नोटांचे तसे नसते. कॅशियरने रक्कम मोजून घेतली की ती बँकेच्या मालकीची होते. पुढे ती कोणाच्या गृहकर्जात जाते, कोणाच्या कारखान्यात, तर काही सरकारी रोख्यांत. खातेदाराकडे उरतो तो तेवढी रक्कम मागण्याचा हक्क. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली ‘फोले विरुद्ध हिल’ या खटल्यात बँक आणि खातेदार यांचे नाते ऋणको-धनकोचे आहे असे ठरवले, आणि भारतातही तेच तत्त्व मानले जाते. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातली बँकिंगची व्याख्या त्याच पायावर उभी आहे: कर्जे देण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी लोकांकडून ठेवी घेणे, आणि मागणी होताच किंवा ठरल्याप्रमाणे त्या परत करणे.

पासबुकाचे रकानेही हेच सांगतात. ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द पेढीच्या वहीतले आहेत, आणि पासबुकात ते बँकेच्या बाजूने लिहिलेले असतात. ‘जमा’ म्हणजे बँकेचे खातेदाराला असलेले देणे वाढले; ‘नावे’ म्हणजे त्या देण्यातून तेवढे कमी झाले. पासबुक ही खरे तर ऋणकोने धनकोला वेळोवेळी लिहून दिलेली कबुली आहे. प्रत्यक्षात मात्र काउंटरसमोर उभा असलेला धनको अजिजीने बोलतो आणि आतला ऋणको त्याला उद्या या म्हणून सांगतो. खाते उघडण्याचे आणि सांभाळण्याचे सगळे नियम हे नाते लक्षात ठेवून वाचले, तर त्यांतले कोणते न्याय्य आहेत आणि कोणते केवळ सवयीने चालत आले आहेत हे उलगडते.

मागताक्षणी पैसे देणारी खाती दोन प्रकारची. चालू खाते व्यापाऱ्यांसाठी असते. त्यात व्यवहारांची संख्या मोठी असते आणि शिलकेवर व्याज मिळत नाही. घरगुती माणसाचे ते बचत खाते. त्यावर चेकही देता येतात आणि व्याजही मिळते. पगार, पेन्शन, विजेचे बिल, मुलांची फी, सरकारी अनुदान हे सगळे याच एका खात्यातून फिरते. भारतात ही सोय बँकांपेक्षा टपाल खात्याने आधी दूरवर नेली. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर तालुक्याच्या गावी शाखा निघू लागल्या. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेने खाते नसलेल्या घरांपर्यंत खाते नेले, आणि या खात्यांत निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत.

खाते उघडताना पहिला प्रश्न ओळखीचा. केवायसीसाठी पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड, आधार यांपैकी एखादा कागद चालतो. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून देता येतो. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निर्णय दिला की बँक खात्यासाठी ते सक्तीचे करता येणार नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने खातेदाराने स्वेच्छेने दिले तर ते वापरायला वाट करून दिली. सरकारी अनुदान थेट खात्यात हवे असेल तर मात्र आधार जोडावेच लागते. ज्याच्याकडे यांपैकी एकही कागद नाही, त्याच्यासाठीही नियमात जागा आहे. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून आणि स्वतःचे छायाचित्र देऊन ‘लघु खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांवर जाता कामा नये, वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होता कामा नये आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. १२ महिन्यांत कागद मिळवण्याचा प्रयत्न दाखवावा लागतो. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर वर्षाचे सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या कुटुंबांना अशी तरतूद हवीच. पण ती शाखेच्या भिंतीवर लिहिलेली क्वचितच दिसते. नियमात असलेली आणि लोकांना माहीत नसलेली सवलत गरजूच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

हीच गोष्ट मूलभूत बचत खात्याची. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये साध्या खात्यांची कल्पना मांडली आणि २०१२ मध्ये तिला सध्याचे रूप दिले. या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळते, पैसे भरण्यावर मर्यादा नसते आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. ते कोणालाही मागता येते. गरिबीचा दाखला लागत नाही. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. खाते उघडायला आलेल्या माणसाला बहुधा किमान शिल्लक लागणाऱ्या खात्याचा अर्ज दिला जातो, आणि दुसरा पर्याय आहे हे त्याला दंड कापला गेल्यावर कळते. अर्ज देतानाच दोन्ही खात्यांचा फरक मराठीत, तोंडी समजावून सांगणे हे बँकेचे कर्तव्य मानले पाहिजे.

सही आणि साक्षरता यांबद्दल सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे उदाहरण महत्त्वाचे आहे. माण तालुक्यातल्या या दुष्काळी गावात चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेक जणी अंगठा करणाऱ्या होत्या. त्या लिहायला शिकल्या आणि परवाना मिळवला. अक्षर न येणाऱ्या बाईला व्याज कळत नाही हा समज किती पोकळ आहे, ते त्या बँकेने दाखवले. बाजारात रोजचा हिशेब तोंडी करणारी बाई आपल्या पैशाबद्दल पुरेशी जागरूक असते. तिला अडवतो तो छापील अर्ज.

अर्जातले दोन रकाने घाईत भरले जातात आणि पुढे त्यांचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. पहिला रकाना खाते कोण चालवणार याचा. पती-पत्नीचे संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीचे असेल तर एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला व्यवहार करता येतो. ‘दोघांनी मिळून’ असे लिहिले असेल तर प्रत्येक चेकला दोन सह्या लागतात आणि एक सही कायमची गेली की खाते अडते. दुसरा रकाना नामनिर्देशनाचा. बोलण्यात त्याला ‘वारस लावणे’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो. नामनिर्देशित व्यक्ती वारस नसते. बँकेने पैसे कोणाच्या हाती दिले म्हणजे तिची जबाबदारी संपली, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. ती रक्कम पुढे कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरलेल्या वारसांची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रामचंदर तलवार यांच्या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. थोरल्या मुलाचे नाव लावले म्हणून धाकट्या मुलीचा वाटा बुडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यासाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. भाऊबंदकी टाळण्यासाठी या सुधारणेचा चांगला उपयोग होईल, पण नामनिर्देशित व्यक्तीचे कायदेशीर स्थान त्याने बदललेले नाही.

आता व्याज. २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवत असे. त्या दिवशी तो मोकळा झाला आणि प्रत्येक बँकेला आपला दर ठरवण्याची मुभा मिळाली. त्याहून मोठा बदल दीड वर्ष आधी झाला होता, आणि त्याची फारशी आठवण कोणी ठेवलेली नाही. १ एप्रिल २०१० पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असे, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. खात्यात २०,००० रुपये असताना २८ तारखेला १८,००० काढले, तर संपूर्ण महिन्याचे व्याज उरलेल्या २,००० वर. १२ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात काहीच मिळत नसे. बँकेने मात्र तो पैसा रोज वापरलेला असे. धनकोने दिलेल्या रकमेच्या मोठ्या भागावर वर्षानुवर्षे व्याजच न देण्याची ही पद्धत होती. ती बदलून दररोजच्या शिलकेवर व्याज मोजणे सुरू झाले, हा सामान्य खातेदाराला मिळालेला खरा न्याय.

दर मोकळे झाल्यावर स्पर्धा वाढेल आणि व्याज चढेल अशी अपेक्षा होती. काही नव्या आणि लहान बँकांनी तसे केले; मोठ्या बँकांचे दर उतरत अडीच-तीन टक्क्यांवर आले. १०,००० रुपये वर्षभर ठेवले तर अडीच टक्क्यांनी २५० रुपये होतात. महागाई त्याहून जास्त असते तेव्हा या पैशाची खरेदीची ताकद दर वर्षी घटते. म्हणून बचत खाते हे नाव असूनही ते बचतीची जागा नाही. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम तेथे ठेवावी आणि बाकीची मुदत ठेवीत किंवा अन्यत्र हलवावी, हे साधे गणित आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या एकूण व्याजावर ५०,००० पर्यंत; दर इतका कमी असताना पहिली मर्यादा गाठायलाच चार लाखांची शिल्लक लागते.

किमान शिलकेचा दंड हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त भाग. बँकांची बाजू अशी: शाखा, कर्मचारी, एटीएम, रोकड हाताळणे यांना खर्च येतो आणि फार कमी शिलकेचे खाते तो भरून काढत नाही. यात तथ्य आहे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. बचत खात्यांतला पैसा बँकेला मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त पैशांपैकी एक आहे. अडीच टक्क्यांनी घेतलेली रक्कम त्याहून बऱ्याच जास्त दराने गृहकर्जात जाते. लाखो खातेदारांच्या या फरकातून खर्च निघत असताना ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच वेगळी वसुली करणे न्याय्य ठरत नाही. शिल्लक कमी पडते ती बहुधा पगार लांबल्यावर, आजारपणात, पेरणीच्या तोंडावर. दंड नेमका अडचणीच्या महिन्यात बसतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी काही मर्यादा घातल्या आहेत: शिल्लक कमी झाल्याचे आधी कळवायचे, भरून काढायला निदान महिनाभर द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणात आकारायचा आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंडच रद्द केला. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेला जे परवडते ते इतरांना का परवडू नये, याचे पटणारे उत्तर मिळालेले नाही.

खाते चालवण्याच्या साधनांत चेकचे महत्त्व घटले, तरी त्याची कायदेशीर धार कायम आहे. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरील तारखेनंतर तीन महिनेच चालतो. पैसे नसताना दिलेला चेक न वटणे हा १९८९ पासून गुन्हा आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर प्रकरण तेथेच मिटते. म्हणून सही केलेले कोरे चेक तारण म्हणून देणे, जे खेड्यापाड्यांत आजही चालते, ते अत्यंत धोक्याचे आहे.

रोजचा व्यवहार आता मोबाइलवर आहे. यूपीआय २०१६ मध्ये आले. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालू आहेत. सोय मोठी झाली तशी चोरीही सोपी झाली, आणि येथे खातेदाराला वेळेचे भान लागते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडे कोठेतरी आहे, अशा प्रकरणात बँकेकडून व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर खातेदारावर काहीच भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात केली तर मूलभूत खात्यात ५,००० आणि इतर बचत खात्यांत १०,००० पर्यंतच भार पडतो. त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. तक्रार आल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर मात्र तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. म्हणून मोबाइल क्रमांक बदलला की तो बँकेत आधी नोंदवणे आणि फसवणूक कळताच बँकेला व १९३० या क्रमांकाला फोन करणे, ही खाते सांभाळण्याची मुख्य कामे झाली आहेत.

अनुदानाच्या खात्यात आणखी एक बारकावा असतो. आधारवर आधारित रक्कम, खातेदाराने ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडले त्या बँकेत जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले तेव्हा आधार जोडण्यासाठी बँकांसमोर रांगा लागल्या. एकापेक्षा जास्त खाती असलेल्या बाईने नेहमीच्या खात्यात पैसे शोधावेत आणि ते जुन्या, विसरलेल्या खात्यात जमा झालेले असावेत, असा प्रकार या रचनेमुळे सहज घडतो. एका माणसाला एक किंवा फार तर दोन खाती पुरतात, यामागचे हे व्यावहारिक कारण आहे.

ऋणको बुडाला तर धनकोचे काय, हा सर्वांत गंभीर प्रश्न. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, आणि त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. तेव्हाची हमी १,५०० रुपयांची होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि पुढे २७ वर्षे तेथेच थांबली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येतील असे ठरले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण निवृत्त लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून अशाच निर्बंधांखाली होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून हमी पाच लाखांची झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवींना, मुद्दल आणि व्याज धरून, मिळून असते. बचत खात्यात दोन लाख आणि मुदत ठेवीत चार लाख असतील तर हमी पाचच लाखांची. सहकारी बँकांवर महाराष्ट्राचा जिव्हाळा आहे आणि त्यांनी लहान माणसाला दारात उभे केले हे खरे आहे. पण एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी पाच लाखांपेक्षा जास्त रक्कम एकाच बँकेत ठेवणे हा जिव्हाळ्याचा विषय नाही.

बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था १९९५ पासून आहे. १२ नोव्हेंबर २०२१ ला वेगवेगळ्या योजना एकत्र होऊन एकच झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जायचे. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. लागतो तो लेखी पुरावा, आणि त्यासाठी पासबुक दर महिन्याला छापून घेऊन प्रत्येक ‘नावे’ रकमेचे कारण तपासण्याची सवय.

खातेदाराचा ठिकाणा बदलला की खात्याचा प्रकारही बदलू शकतो: परदेशी स्थायिक होणाऱ्याला साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. परकीय चलन कायद्याप्रमाणे ते अनिवासी खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये, बदलावे लागते. अनेक कुटुंबांत हे वर्षानुवर्षे राहून जाते.

दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिलकेचा दंड लावता येत नाही, व्याज देत राहावे लागते आणि ते पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही. दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हक्क तेव्हाही संपत नाही. खातेदार किंवा वारस आला की बँकेने ती व्याजासह द्यायची आणि निधीतून भरपाई मागायची. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. खातेदाराचा मृत्यू झाला असेल आणि नामनिर्देशन केलेले असेल, तर मृत्यूचा दाखला व ओळखीची कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. स्वतः खाते बंद करणाऱ्याने आधी त्यावरचे हप्ते, विम्याच्या वजावटी आणि आधारची जोडणी दुसऱ्या खात्यावर नेऊन उरलेले चेक व कार्ड परत करावे, व्याजासह पूर्ण शिल्लक घ्यावी आणि खाते बंद झाल्याची लेखी पावती मागून घ्यावी.